फर्स्ट क्लास सलून

आमच्या घरात जाधवांची गोष्ट कंगव्यापर्यंतच सांगितली जाते. पाहुणे जमले, जेवणं झाली, की कुणीतरी म्हणतं, ती पोलादपूरच्या सलूनची गोष्ट होऊन जाऊ दे. मी घसा साफ करतो. बायको उठून स्वयंपाकघरात जाते. तिनं ती इतक्या वेळा ऐकली आहे की मी कुठे थांबून पाणी पिणार हेसुद्धा तिला पाठ झालं आहे. मी सांगत जातो, लोक हसत जातात, कंगव्याशी आलो की पोट धरून हसतात, आणि तिथं मी थांबतो. कुठं थांबावं हे तुम्हाला बरोबर कळतं, असं माझं कौतुकही होतं. मी ते ठेवून घेतो. खरी गोष्ट अशी आहे की कंगव्याच्या पुढे जाधवांच्या गोष्टीत मी येतो, आणि मी आलो की ती हसण्यासारखी राहत नाही.

आज कागदावर सांगतो आहे, तेव्हा पुढचंही सांगून टाकतो.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी पोलादपूरला पंचायत समितीत कारकून होतो. घर महाडला. रोज सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं यायचं, आणि मधल्या वेळात कागदांवर शेरे मारायचे. वय सव्वीस, पण चालण्याचा तोरा अव्वल कारकुनाचा. पोलादपूरच्या स्टँडजवळ, महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता फुटतो त्याच्या जरा अलीकडे, एका पत्र्याच्या गाळ्यावर एके दिवशी नवीकोरी पाटी लागली: ‘फर्स्ट क्लास सलून’.

आता सलून म्हटल्यावर तुम्हाला जे वाटलं तेच अख्ख्या पोलादपूरला वाटलं. जाधवांना मात्र तसं वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांची वीस वर्षं पॅसेंजरांच्या मोठमोठ्या बोटींवर गेली होती, आणि बोटीवर ज्या दालनात पांढऱ्या टेबलक्लॉथवर खाणंपिणं होतं त्याला सलून म्हणतात. बोट मोडीत निघाली, जाधव गावी आले आणि त्यांनी थंड पेयांचं दुकान काढलं. आमच्याकडे तेव्हा त्याला ‘कोल्डिंग’ म्हणत. पाटी रंगवायला महाडच्या एका पेंटरकडे दिली. पेंटर हुशार. त्यानं अक्षरं तर सुबक काढलीच, वर आपल्या मनानं, काही जास्त न मागता, एका बाजूला कात्री काढली आणि दुसऱ्या बाजूला कंगवा.

पहिल्याच दिवशी घाटातल्या कुठल्याशा गावचा एक शेतकरी, लग्नाला निघालेला, दाढीचे खुंट वाढलेले, आत येऊन खुर्चीत बसला. जाधवांनी बोटीवरच्या रिवाजाप्रमाणं पांढराशुभ्र नॅपकिन झटकून त्याच्या मांडीवर पसरला. गड्यानं तो वर ओढून गळ्याभोवती खोचला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. जाधवांना वाटलं, उन्हानं दमलाय. त्यांनी त्याला थोडा वेळ तसाच पडू दिला आणि मग समोर बर्फ घातलेला ग्लास ठेवला. वस्तरा का लागत नाही म्हणून त्यानं डोळे उघडले, तर पुढ्यात ग्लास आणि ग्लासाच्या कडेला लिंबाची चकती.

“दाढी?” त्यानं विचारलं.

“दाढी नाय, लिंबू हाय,” जाधव म्हणाले.

त्या आठवड्यात असे आणखी तिघंचौघं आले. शेवटी जाधवांनी पेंटरला बोलावून घेतलं. नाव बदलायला ते तयार नव्हते; सलूनला सलूनच म्हणायचं. मग पेंटरनं कात्रीच्या दोन पात्यांच्या प्यायच्या दोन नळ्या केल्या, खाली बाटली काढली, आणि कात्रीचा प्रश्न मिटला. कंगव्याचं काय करावं हे मात्र दोघांनाही सुचेना. तो तसाच राहिला.

इथं लोक हसतात. इथं मी थांबतो.

घरी सांगताना मी त्या दाढीवाल्याला ग्लास संपवू देतो. खरं तर त्यानं तो संपवला नाही. अर्धा पिऊन झाल्यावर, जिवाला बरं वाटल्यावर, माणूस सहज विचारतो तसं त्यानं विचारलं, गाव कुठलं आपलं. जाधवांनी सांगितलं, दासगावच्या अंगाला. कुठली वाडी? जाधवांनी तेही सांगितलं, बौद्धवाडी. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला. आपटला नाही, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा सावकाश ठेवला, पैसे दिले आणि उन्हात निघून गेला. लग्नाहून परतताना पुन्हा आला तेव्हा उभ्या उभ्याच म्हणाला, बाटलीच द्या, फोडून.

ही हकीगत मला जाधवांनीच सांगितली, दोन्ही अर्धी सारख्याच आवाजात. वर म्हणाले, “आमच्या बापाच्या डोक्याला गावच्या न्हाव्यानं कदी हात नाय लावला, भाऊसाहेब. आन् आता सगळा गाव माज्याकडं दाढीला येतोय.”

जाधव पन्नाशीचे, उंच, सडपातळ. वीस वर्षं हलत्या जमिनीवर चालल्यामुळे पाय जरा फाकवून टाकायचे. पोलादपूरचा डांबरी रस्ता कधी कलेल याचा नेम नाही, अशा बेतानं. अंगात पितळी बटणांचा पांढरा कोट, डाव्या हातावर घडीचा नॅपकिन. बोटीवरून आणलेले जाड बुडाचे दोन डझन ग्लास फळीवर ओळीनं पालथे. सकाळी दुकान उघडलं की आधी ते सगळे पुसायचे, वापरलेले असोत नसोत. बहुतेक वापरलेले नसत.

त्यांचं ओतणं बघण्यासारखं होतं. बर्फ आधी, चिमट्यानं. मग लिंबाची चकती. मग ग्लास तिरका धरून कडेकडेनं अशी धार सोडायचे की फेस वर यायच्या बेतात असतानाच ती थांबायची. ग्लास ठेवायचा तो गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला, आणि ठेवताना बोटं कायम बुडाशी. “गिलासाचा वरचा अर्धा पॅसेंजरचा, खालचा अर्धा आपला,” असं ते म्हणायचे. गिऱ्हाईक हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नाही. दुकानात शिरला तो पॅसेंजर. हमरस्त्यावरून ट्रक गेला की गाळ्यातलं टेबल थरथरायचं. मग जाधव टेबलक्लॉथवर पाण्याचा हबका मारायचे आणि ग्लास अर्ध्याच्या जरा वर, एवढाच भरायचे. वादळात बोटीवर असंच करतात. ओल्या कापडावरून ग्लास घसरत नाहीत. मालाच्या ट्रकांची रांग लागली की म्हणायचे, “आज दर्या खराब हाय.”

मलाही त्यांनी एकदा ट्रे धरायला शिकवलं. तळहातावर नाही, पाच बोटांच्या टोकांवर, आणि नजर ट्रेकडे न ठेवता समोर. मी नजर समोर ठेवली, आणि समोर आमचे साहेब बसले होते. पुढचे दोन दिवस माझ्या रजेच्या अर्जावर निर्णय झाला नाही.

आपण बोटीवर स्टुअर्ड होतो असं ते सांगत. गावानं त्याचं स्टुअर्ट करून टाकलं. मलाही ते ख्रिस्ती माणसाचं नावच वाटलं, आणि पहिल्याच भेटीत, मोठा समंजस माणूस असल्याच्या आवाजात, मी विचारलं की बोटीवर गेल्यावर तुम्ही धर्म बदललात का. जाधवांनी हातावरच्या नॅपकिनची घडी नीट केली.

“बदलला ना. पन बोटीवर जायच्या आदीच. आन् तुमी म्हणता तो नाय.”

बोटीवर ते आधी टोपस म्हणून लागले होते. टोपस म्हणजे संडास-मोऱ्या धुणारा. ते काम कुणाच्या वाट्याला यायचं हे वेगळं सांगायला नको. मग एकदा समुद्र असा खवळला की स्टुअर्ड मंडळी झाडून आडवी. पॅसेंजरांच्या पोटात काही ठरत नाही, त्यांना घोट घोट सोडा हवा, आणि तो न्यायला धड उभा माणूस नाही. मोरी धूत असलेले जाधव तेवढे उभे. मुख्य स्टुअर्डनं त्यांना हात धुवायला लावले, कोट अंगात चढवला आणि ट्रे हातात दिला. एका केबिनमध्ये एक गोरा म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला उठवून जाधवांनी ग्लास ओठाशी धरला. “नाव नाय विचारलान, गाव नाय विचारलान,” जाधव सांगायचे. “तहान लागलीवती, प्याला.” समुद्र शांत झाला तरी ट्रे त्यांच्याकडेच राहिला.

शेवटची काही वर्षं त्यांची बोट क्रूझला लागली. ही कल्पना पोलादपूरला समजावणं जड गेलं. एका बंदरातून निघायचं, पंधरा दिवस बेटाबेटांतून फिरायचं आणि पुन्हा त्याच बंदरात उतरायचं. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे कुठं जायचंच नाय? मग ती माणसं निघाली कशाला?

“थंड प्यायला,” जाधव म्हणाले.

आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सकाळी अकरा वाजता डेकवर ओळीनं खुर्च्या, खुर्च्यांत पसरलेली माणसं, आणि त्यांच्यामधून ट्रे घेऊन फिरणारे जाधव. कुणाला बर्फ जास्त, कुणाला लिंबू नको, कुणाच्या पोराला दोन नळ्या, हे सगळं दुसऱ्या दिवसापासून तोंडपाठ. पॅसेंजरनं मागायच्या आधी त्याचं त्याच्या हाताशी पोचलं पाहिजे, यातच खरं कसब, असं त्यांचं म्हणणं.

पोलादपुरातही ते हेच करू पाहत होते. महाबळेश्वरला निघालेले मुंबईकर, गोव्याकडे चाललेले लोक ग्लासातून प्यायचे, वा वा म्हणायचे, निघून जायचे. दासगावकडचे, बोटींवर नोकऱ्या करून आलेले दोनचार म्हातारे ग्लास पुढ्यात घेऊन तासन्‌तास बसायचे. पण जाधवांना हवा होता तो इथला माणूस. आपण कोण हे माहीत असून, इथल्या माणसानं आपण ओतलेला ग्लास उचलावा, एवढंच त्यांना हवं होतं. तसं ते कधी बोलले नाहीत. पण इथला माणूस आत आला की त्यांचा हात आधी ग्लासाकडे जायचा आणि मग बाटलीकडे. आणि इथला माणूस म्हणायचा, बाटलीच द्या, ग्लासात ओतलं की गॅस जातो. मास्तर हेच म्हणायचे, दुकानदार हेच म्हणायचे, कचेरीत कामाला आलेले सरपंचही हेच म्हणायचे. आपल्या तालुक्यात एवढे शास्त्रज्ञ आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मात्र ग्लासातून प्यायचो. याचा मला केवढा अभिमान. कचेरी सुटली की जायचो, आतल्या बाकावर बसायचो, सुधारलेल्या माणसासारखा घोट घ्यायचो. बाहेरच्या बाकावर मी एकदाही बसलो नाही, हे कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानात आलं. बाहेरचा बाक रस्त्यावरून दिसायचा. आणखी एक. पन्नाशीच्या कुठल्याही परक्या माणसाला मी तेव्हा काका नाहीतर मामा म्हणायचो, गाडीतल्या कंडक्टरलासुद्धा. त्यांना मी जाधव म्हणायचो.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न ठरलं. मे महिना, मांडव महाडला आमच्याच गल्लीत, वऱ्हाड पुण्याचं. वडील नव्हते, घर काकांच्या शब्दावर चालायचं. मी सगळ्यांपुढे जाहीर केलं की वऱ्हाडाला थंड द्यायचं ते बोटीवरच्या पद्धतीनं, असं की पुणेकरांनी नाव काढावं. काका म्हणाले, बघ बाबा.

जाधवांना विचारलं तेव्हा ते ग्लास पुसत होते. ते थांबले.

“महाडात?”

“महाडात.”

“चार लोकांत?”

“दीडशे लोकांत.”

“गिलासात?”

“म्हणजे काय, ग्लासातच,” मी म्हणालो.

त्यानंतर आठ दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. बर्फाच्या लाद्या किती, त्या भुशात कशा ठेवायच्या, लिंबं किती आधी कापायची. कोटाची बटणं त्यांनी चिंचेनं घासली. दोन डझनांनी भागायचं नाही म्हणून मुंबईच्या मुलाकडून आणखी ग्लास मागवले. लग्नाच्या दिवशी पहिल्या गाडीनं आले, एक खोकं मांडीवर आणि बाकीची पायांशी. खड्ड्यात गाडी आदळली की सगळ्या खोक्यांवर हात ठेवायला मला आठ हात हवे होते, असं हसत म्हणाले.

मांडवाच्या कोपऱ्यात त्यांनी टेबल लावलं. वर पांढरी चादर, तिच्या कडा टाचण्यांनी टाचलेल्या. ग्लासांच्या ओळी दोरी धरून लावल्यासारख्या. बर्फ फोडून एकेकात घातला, चकत्या लावल्या. शेजारपाजारच्या बायका बघायला गोळा झाल्या. एवढ्यात वऱ्हाड गल्लीच्या तोंडाशी आलं, ताशा वाजायला लागला, आणि काकांनी मला खांबाआड बोलावलं.

काका वाईट नव्हते. व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसायचे. समतेवर कुणी चांगलं बोललं की पहिली टाळी त्यांची. “मला काही नाही रे,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण त्यांच्यात म्हातारी मंडळी आहेत. उद्या सुमनला ऐकून घ्यावं लागेल. बाटल्याच देऊ दे.” मी आईकडे पाहिलं. आईलाही काही नव्हतं. तिला शेजाऱ्यांचं वाटत होतं. त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच काही नव्हतं. जे काय होतं ते वऱ्हाडाला होतं, आणि वऱ्हाडाला विचारायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

मी जाधवांपाशी गेलो. त्यांनी पहिली बाटली फोडली होती, ग्लास तिरका धरला होता. मला खरं सांगता आलं असतं. ते ऐकायची त्यांना सवय होती. मी म्हणालो, “जाधव, बाटल्याच देऊ या. ग्लासात गॅस जातो.”

त्यांना वाटलं, मला खरंच माहीत नाही. शिकवण्याच्या सुरात म्हणाले, “नाय जात, भाऊसाहेब. तिरका धरला का नाय जात. ह्ये बघा.” आणि ओतायला लागले. मी बघितलं नाही. मी चादरीच्या टाचणीकडे बघत राहिलो. धार मध्येच थांबली.

“बरं,” ते म्हणाले.

दीडशे माणसांना त्यांनी बाटल्या दिल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला नॅपकिन, प्रत्येकाच्या उजव्या हाताला, कुणाच्या कपड्यावर थेंब नाही. वऱ्हाडानं वाखाणलं. कोपऱ्यातल्या टेबलावर ग्लास तसेच उभे होते. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि चकत्या त्यात तरंगायला लागल्या. ते पाणी त्यांनी एकेक ग्लास उचलून मांडवाबाहेर ओतलं, ग्लास पुसले, कागदात गुंडाळले. मी जेवायला थांबा म्हणालो. गाडी हाय, म्हणाले.

वर्षभरानं सुमन माहेरी आली तेव्हा तिनं एक गंमत सांगितली. तिच्या सासऱ्यांनी तिला विचारलं होतं, तुमच्या मांडवात इतके सुरेख ग्लास मांडले होते, मग आम्हाला बाटल्या का दिल्या? आम्हाला आपलं वाटलं, ते तुमच्या घरच्या माणसांसाठी असतील. सुमन हसली. काकांनी पेपर तोंडापुढे धरला. मी हसलो असेन. मी बहुतेक वेळा हसतो.

लग्नानंतरच्या सोमवारी मी दुकानात गेलो होतो. काय बोलायचं ते महाड ते पोलादपूर मनात जुळवलं होतं. आतल्या बाकावर बसलो. जाधवांनी बाटली फोडली, नळी घातली, नॅपकिनवर माझ्या उजव्या हाताला ठेवली. राग नाही, टोमणा नाही. मी मागायच्या आधी माझं मला मिळालं होतं. जुळवलेलं सगळं तसंच ठेवून मी ती प्यायलो. त्यानंतर त्यांनी मला कधी ग्लास दिला नाही आणि मी कधी मागितला नाही. मागितला असता तर त्यांनी दिला असता याची मला खात्री होती, म्हणूनच मागायला तोंड नव्हतं.

पुढे माझी महाडला बदली झाली आणि पोलादपूर सुटलं. चारपाच वर्षं गेली असतील. एका उन्हाळ्यात, दुपारी, जाधव मला महाडच्या स्टँडवर दिसले. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर वळकटी. कोटाऐवजी साधा बुशशर्ट, आणि त्यात ते एकदम म्हातारे वाटले. दुकान बंद केलं, म्हणाले. मुलाकडे मुंबईला चाललोय, बायको आधीच तिकडे गेलीय. ऊन मी म्हणत होतं. शेडचा पत्रा तापला होता आणि ते रुमालानं सारखी मान पुसत होते.

“घर हितंच ना तुमचं, भाऊसाहेब?”

“हो, हे काय, समोरच्या गल्लीत.”

“हां. मांडवापावेतो आलोय मी.”

त्यात टोचणारं काही नव्हतं. रस्ता आठवतोय, एवढंच ते सांगत होते. मला फक्त ‘चला’ म्हणायचं होतं. दोन मिनिटांची वाट. पण ही वेळ काकांची ओट्यावर बसायची. ‘चला’ हा शब्द मी तोंडात आणला, गिळला, पुन्हा आणला.

“गाडी येईलच आता,” मी म्हणालो.

“येईल की,” ते म्हणाले.

गाडी पाऊण तासानं आली. तेवढ्या वेळात आम्ही हवेबद्दल बोललो, आंब्याबद्दल बोललो. त्यांनी सुमनची चौकशी केली, नाव घेऊन. तिला पोरंबाळं किती, तेही विचारलं. मी उसाचा रस घेता का म्हणालो, तर नको म्हणाले. गाडी लागल्यावर ट्रंक चढवायला मी पुढे झालो, पण कंडक्टरनं आणि त्यांनी मिळून ती चढवलीसुद्धा होती.

स्टँडमधून बाहेर पडलेली गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बैलगाडीसाठी थांबली. जाधवांना खिडकी मिळाली होती. मी हात वर केला, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही हात खिडकीच्या गजांवर ठेवून, मान खाली वाकवून ते गल्लीत बघत होते. मांडव होता त्या जागेच्या पलीकडे, तिसऱ्या घराकडे. आमचं दार उघडं होतं.